फियाट जर्मनीला आली, तारीख मात्र आरटीओत अडकली होती

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांब होणार आहे, पण विषयच असा आहे की दोन ओळीत सांगितला तर कुणाच्याच कामाला येणार नाही. मी सध्या जर्मनीत हायलब्रोनला राहते, श्टुटगार्टपासून पन्नासेक किलोमीटरवर, आणि इथे माझ्या दारात आमच्या आण्णांची १९७७ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपण जिला फियाट म्हणतो ती, उभी आहे, इथल्या नंबरवर, रीतसर पासिंग झालेली. गणपतीत आम्ही सगळे मराठी लोक जमतो तेव्हा मी ती घेऊन जाते. लोक भोवती जमतात, दाराला हात लावून बघतात, फोटो काढतात, आणि मग एकेकजण बाजूला येऊन विचारतो की ताई, आमची पण बाबांची फियाट पडून आहे गावाकडे, आमची जीप आहे, मामांची लँब्रेटा आहे, आणायची तर काय करायचं. भारतातून पण फोन येतात, कुणाचातरी मुलगा बाहेर सेटल झालेला असतो आणि घरातली जुनी गाडी भंगारात घालायला जीव होत नाही.

मी सगळ्यांना एकच सांगते, कंटेनरचं भाडं नंतर विचारा, आधी कपाटातून आरसी काढा आणि त्यावर रजिस्ट्रेशनची तारीख काय छापलीय ते वाचा. माझी सगळी लढाई त्या एका तारखेसाठी झाली आणि ती जर्मनीत नाही झाली, आपल्याकडच्या एका आरटीओ ऑफिसात झाली, म्हणून हे पत्र मराठी पेपरला लिहितेय.

आधी गाडीबद्दल सांगते. आण्णा डॉक्टर होते, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस. फियाटचं बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस होते ते, गाडीचा नंबर लागला तेव्हा आई सांगते की आण्णा दवाखाना बंद करून पुण्याला गेले आणि रात्री अकरा वाजता गाडी घेऊन आले, सगळी गल्ली जागी होती. गावात पाटलांकडे डुक्कर फियाट होती आधीपासून, ती गोल पाठीची, पण आमची नवी कोरी चौकोनी, पांढरी. मळ्यातल्या रात्रीच्या व्हिजिटला आण्णा हीच गाडी न्यायचे, ऊस तोडलेल्या रस्त्यावरून, आणि पावसाळ्यात कधी पेशंटलाच मागच्या सीटवर आडवं करून सांगली मिरजेला. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, समोरच्या काचेच्या कोपऱ्यात लाल अधिक चिन्हाचा स्टिकर, डॅशबोर्डच्या खणात टॉर्च, इंजेक्शनचा स्टीलचा डबा आणि लिमलेटच्या गोळ्या. माझं ड्रायव्हिंग त्याच गाडीवर झालंय. आण्णा २०१९ ला गेले आणि गाडी मी पुण्याला आणली, रोज नाही पण रविवारी चालवायचे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने इकडे बदली केली आणि ती कायमचीच होती. गाडीचं काय करायचं यावर घरात महिनाभर चर्चा झाली. भाऊ म्हणाला माझ्याकडे लावायला जागा नाही, आई म्हणाली विकू नका. तेव्हा मी इथे आल्यावर चौकशी केली आणि मला एक गोष्ट कळली ती ऐकून मी नेटाने कामाला लागले. हायलब्रोनलाच फियाटचा कारखाना होता. नेकार नदीच्या काठी. आपल्या डुक्कर फियाटची बहीण इथे बनायची, आधी एनएसयू-फियाट नावाने आणि नंतर नदीच्याच नावाने, नेकार ११००. म्हणजे प्रीमियर कंपनीवाल्या वालचंदशेठच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आणि या गावात एकाच घराण्याच्या गाड्या तयार होत होत्या, एवढंच की इकडच्यांनी त्या केव्हाच जपून ठेवायला घेतल्या आणि आपल्याकडे टॅक्सीत झिजून गेल्या. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटी आहेत हे पण मला इथे येऊनच कळलं. मग म्हटलं आपली गाडी इथे परकी नाही, आणायचीच.

आता नियम सांगते, कारण फोनवर सगळ्यांना तेच हवं असतं. जर्मनीत गाडी तीस वर्षं किंवा जास्त जुनी असेल, मूळ स्वरूपात असेल आणि नीट राखलेली असेल तर तिला ओल्डटाइमर म्हणून मान्यता मिळते. तिच्या नंबरच्या शेवटी एच लागतो, एच म्हणजे हिस्टोरिक. एच मिळाला की वर्षाचा रोड टॅक्स सरसकट १९१ युरो ७३ सेंट, इंजिन कितीही मोठं असो, आणि श्टुटगार्टसारख्या शहरात जिथे धुराच्या स्टिकरशिवाय गाडी आत नेता येत नाही तिथे पण एचवाली गाडी चालते. पण एच असो नसो, बाहेरून आलेल्या गाडीला तिच्या पहिल्या रजिस्ट्रेशनच्या वर्षाचे नियम लागतात. आणि इथेच सगळी मेख आहे. १ जुलै १९६९ च्या आधीची पेट्रोल गाडी असेल तर धुराची टेस्टच नाही. १ एप्रिल १९७० नंतरची असेल तर पुढच्या दोन्ही सीटला पट्टे पाहिजेत. १९९७ ची असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्या वेळच्या युरोपच्या धुराच्या नॉर्म्स, ज्या पद्मिनीला या जन्मात जमणार नाहीत. तुमची गाडी तीच, पत्रा तोच, इंजिन तेच, पण कागदावर वर्ष कुठलं आहे त्यावर ती रस्त्यावर येणार की नाही ते ठरतं.

माझ्या आरसी कार्डावर १९९७ होतं.

हे मला ऑक्टोबर २०२३ मध्ये कळलं, सामान पाठवणाऱ्या एजंटने कागद मागितले तेव्हा. २०२० मध्ये आण्णांच्या नावावरून माझ्या नावावर गाडी करताना, तो वारसाचा एकतीस नंबरचा फॉर्म असतो तो भरून, आरटीओने जुनं आरसी बुक जमा करून घेतलं आणि स्मार्ट कार्ड दिलं. जुन्या गाड्यांची माहिती तेव्हा कॉम्प्युटरला नव्हती, ती बुकात बघून भरायची, त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. बुकात पहिल्या पानावर १९७७ ची तारीख, निळ्या शाईत, पार फिक्कट झालेली, आणि मागच्या पानांवर रिन्यूअलचे शिक्के. पंधरा वर्षांनी म्हणजे १९९२ ला पहिलं रिन्यूअल, मग दर पाच वर्षांनी. भरणाऱ्याने त्यातला १९९७ चा ठळक शिक्का बघितला आणि तीच तारीख रजिस्ट्रेशनची म्हणून टाकली, उत्पादनाच्या वर्षाच्या रकान्यात पण १९९७ टाकून दिलं. वर चॅसिस नंबरची पुढची अक्षरं गाळली, नुसते आकडे ठेवले. मी कार्ड आलं तेव्हा माझं नाव बरोबर आहे का तेवढंच बघितलं, पत्ता बघितला आणि पर्समध्ये ठेवलं. तीन वर्षं ते कार्ड घेऊन मी गाडी चालवली, पोलिसांनी दोनदा बघितलं, २०२२ ला रिन्यूअल पण झालं, कुणाच्याच लक्षात आलं नाही की एमएच यायच्या आधीचा नंबर असलेली गाडी १९९७ ची असेलच कशी. एमएच नंबर १९८९ पासून सुरू झाले. गाडीची नंबर प्लेटच ओरडून सांगत होती की तारीख चुकलीय.

भाऊ आरटीओत गेला. पहिल्या खिडकीवर सांगितलं की सिस्टिममध्ये जे आहे ते आहे. दुसऱ्या खेपेला म्हणाले जुनं बुक आणा, अहो ते तुम्हीच जमा करून घेतलंय म्हटल्यावर म्हणाले ते आता कुठे असणार. तिसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र मागितलं, ते दिलं, तर म्हणाले तुमच्या प्रतिज्ञापत्रावर आम्ही तारीख कशी बदलणार, पुरावा पाहिजे. एका एजंटने बाहेर गाठून सांगितलं की दादा कशाला त्रास घेता, मी करून देतो, आणि आकडा सांगितला. भाऊ शिक्षक आहे, त्याच्या रजा यात गेल्या, आणि मी इथून रोज रात्री त्याला फोन करून विचारायचे की काय झालं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

याच दिवसांत ३० ऑक्टोबरला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. तुमच्यासकट सगळ्या पेपरात फोटो आले, लोकांनी हळहळ व्यक्त केली, कुणीकुणी म्हणालं एक तरी म्युझियममध्ये ठेवा. ती टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झालेली होती, बरोबर वीस वर्षं झाली आणि मुदत संपली. मी तो फोटो इथे ट्राममध्ये बसून बघितला आणि मला रडू आलं, कारण त्या टॅक्सीची तारीख लोकांना दिवसासकट माहीत होती आणि आमच्या गाडीची तारीख तिच्याच आरटीओला सांगता येत नव्हती.

मार्ग दाखवला तो आण्णांच्या एका जुन्या पेशंटने, तहसीलमधून रिटायर झालेले काका. ते म्हणाले खिडकीवर भांडू नका, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि तारीख दुरुस्त करा असं त्यात लिहूच नका, या नंबरच्या गाडीच्या नोंदणीची मूळ रजिस्टरमधल्या पानाची साक्षांकित प्रत द्या एवढंच मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज गेला, तीस दिवसांची मुदत असते, सव्वीसाव्या दिवशी पत्र आलं की दोन रुपये भरून प्रत घेऊन जा. ज्या कामासाठी एजंटने पाच आकडी रक्कम सांगितली होती ते बारा रुपयांत झालं.

ते पान मी नंतर किती वेळा बघितलं असेल त्याचा हिशेब नाही. आडवं मोठं रजिस्टर, इंग्लिश रकाने, हाताने भरलेले. आण्णांचं नाव, पुढे डॉ., गावाचं नाव जुन्या स्पेलिंगने, मेक प्रीमियर, इंजिन नंबर, पूर्ण चॅसिस नंबर अक्षरांसकट, उत्पादनाचा महिना आणि साल, आणि शेवटच्या रकान्यात क्लार्कची सही. एवढ्या देखण्या अक्षरात लिहिलंय की सेहेचाळीस वर्षांनी दुसऱ्या देशातल्या माणसाला एक आकडा पण विचारावा लागला नाही. ज्यांनी १९७७ ला ते भरलं त्यांना मी ओळखत नाही, बहुतेक ते आता नसतील, पण माझी गाडी त्यांच्यामुळे उभी आहे. आणि ज्या रेकॉर्ड रूमच्या माणसाने धुळीतून ते रजिस्टर काढलं त्याचं पण कौतुक आहे, भावाने सांगितलं की नाकाला रुमाल बांधून दोन दिवस शोधत होता बिचारा. म्हणजे माणसं वाईट नाहीत, रेकॉर्ड पण आहे, फक्त मागायचं कसं आणि द्यायचं कुणी हे ठरलेलं नाही. पान मिळाल्यावर सुद्धा कार्ड दुरुस्त करायला वरच्या ऑफिसची परवानगी लागली आणि जानेवारी संपला. भावाने बॉनेट उघडून चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, ती प्रिंट रजिस्टरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळली, तेव्हा कुठे नवीन कार्ड निघालं.

मग आरटीओची एनओसी, पोलिसांचा गाडी चोरीची नसल्याचा दाखला, आणि गाडी न्हावाशेवाला. पेट्रोल काढून टाकायचं, बॅटरीच्या वायरी सोडवायच्या, चाकांना लाकडी ठोकळे आणि पट्टे. तेव्हा तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते म्हणून जहाज सुएझमधून आलंच नाही, आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून हॅम्बर्गला आलं. भाडं गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झालं हे खरंय, ज्यांना ते पटत नसेल त्यांनी हा नाद करू नये.

कस्टम्सचं मात्र नीट समजून घ्या कारण इथे लोकांचे पैसे जातात. साधी सेकंडहँड गाडी म्हणून आणली तर दहा टक्के ड्युटी आणि त्यावर एकोणीस टक्के व्हॅट. समजा गाडी आणि भाडं मिळून पाच हजार युरो धरले तर ५०० ड्युटी, मग साडेपाच हजारावर १०४५ व्हॅट, एकूण १५४५ युरो. तीच गाडी तीस वर्षांपेक्षा जुनी, मूळ चॅसिस, मूळ इंजिन, मूळ ब्रेक, आणि ते मॉडेल आता बनत नाही असं असेल तर ती संग्राहकांची वस्तू धरतात, ड्युटी शून्य आणि व्हॅट सात टक्के, म्हणजे ३५० युरो. आणि तुम्ही कायमचे राहायला येत असाल तर घरसामान म्हणून काहीच भरावं लागत नाही, पण त्याला अटी आहेत. तुम्ही आधी किमान बारा महिने युरोपियन युनियनच्या बाहेर राहिलेले पाहिजेत, गाडी किमान सहा महिने तुमच्या ताब्यात आणि वापरात पाहिजे, इथे आल्यापासून वर्षाच्या आत ती आली पाहिजे, आणि आल्यावर वर्षभर विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कुणाला वापरायला पण द्यायची नाही. मला ही सवलत मिळाली कारण गाडी २०२० पासून माझ्या नावावर होती. इथले एक ओळखीचे आहेत, त्यांची गाडी वडिलांच्याच नावावर राहिली होती, वडील जाऊन आठ वर्षं झालेली, निघायच्या पंधरा दिवस आधी नावावर केली आणि ही सवलत हुकली. घरात कुणी गेलं की सातबारा आणि बँकेकडे आपण बघतो, गाडीचं राहून जातं. तीन महिन्यांत तो फॉर्म भरायचा असतो.

हॅम्बर्गहून गाडी ट्रेलरवर हायलब्रोनला आली आणि मग टीयूव्ही या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची तपासणी, इथे त्याला त्युफ म्हणतात. भारतातल्या गाडीला युरोपचे कागद नसतात म्हणून इंजिनिअर गाडीची संपूर्ण तपासणी करून तिची माहिती नव्याने लिहितो, लांबी रुंदी, वजन, कुठल्या एक्सलवर किती भार, टायरचा साइज, वेग, अगदी उभ्या गाडीचा आवाज सुद्धा मोजतो. आमचा इंजिनिअर साठीचा होता, बोलायला कमी. त्याने आधी बॉनेट उघडून चॅसिस नंबर तारेच्या ब्रशने घासला, चष्मा कपाळावर सारून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि मी रजिस्टरच्या पानावर बोट ठेवून पुढे सरकत गेले. मग इंजिन. त्याच्याकडच्या जुन्या पुस्तकात फियाट ११०० डी होती आणि तिचं इंजिन १२२१ सीसी, माझ्या कागदावर १०८९. तो थांबला. म्हणाला इंजिन बदललंय का, बदललं असेल तर प्रॉब्लेम आहे. मी सांगितलं की आमच्याकडे कुर्ल्याला पद्मिनी १०८९ चीच बनली. त्याने आणखी पानं उलटली, तेव्हा ११०० आर सापडली, इटलीचीच, १०८९ सीसी. मग त्याने मान हलवली आणि लिहिलं. माझा श्वास तेवढ्या वेळात अडकला होता.

हे यासाठी सांगतेय की आपल्याकडे जुन्या फियाटमध्ये लोक काय काय बसवतात. डिझेल इंजिन टाकतात, गिअर स्टिअरिंगवरून खाली घेतात, गॅस किट लावतात. वापराच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण एच मिळत नाही. गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत झालेले किंवा त्या काळी सर्रास होत असलेले बदल चालतात, बाकीचे काढावे लागतात. आण्णा या बाबतीत हट्टी होते. आमच्या गावच्या मिस्त्रीने कितीदा सांगितलं डॉक्टर साहेब डिझेल टाकू, अॅव्हरेज बघा काय देईल, पण त्यांनी कधी ऐकलं नाही. तेव्हा आईला तो खर्चिकपणा वाटायचा.

बदलावं लागलं ते असं. आपण डाव्या बाजूने चालतो म्हणून आपल्या हेडलाइटचा डिपर डावीकडे वर उचललेला असतो, तो इथे समोरच्याच्या डोळ्यात जातो, म्हणून दोन्ही लाइट बदलले. सात इंची गोल लाइट इथल्या जुन्या गाड्यांना पण असतात त्यामुळे मिळायला त्रास नाही, फक्त काचेवर युरोपच्या मान्यतेचा ई चा शिक्का बघायचा आणि बाणाची खूण नसलेली काच घ्यायची, एकाच बाजूचा बाण असेल तर ती डाव्या बाजूच्या ट्रॅफिकची. स्टिअरिंग उजवीकडे आहे ते चालतं, त्याला कुणी हरकत घेतली नाही. पुढच्या दोन सीटला पट्टे बसवले, १९७७ च्या गाडीला लागतातच, आणि नुसते स्क्रूने लावून चालत नाही, आत जाड पत्र्याचा आधार देऊन पक्के करावे लागले, या एका कामाला तीन आठवडे गेले. चारी इंडिकेटर एकदम लागायचं बटण बसवलं. टायर नवीन. काचेवरचा लाल चिन्हाचा स्टिकर काढायला सांगितला, तो मी हेअर ड्रायरने गरम करून अख्खा सोडवला आणि डॅशबोर्डच्या खणाच्या झाकणाला आतून चिकटवला.

मग इन्शुरन्सचा इलेक्ट्रॉनिक नंबर, कस्टम्सचं हरकत नसल्याचं पत्र, तपासणीचा रिपोर्ट, रजिस्टरच्या पानाचं शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेतलेलं जर्मन भाषांतर, एवढं घेऊन नोंदणी ऑफिसात गेले आणि चाळीस मिनिटांत प्लेट हातात आली. पहिल्या रजिस्ट्रेशनच्या रकान्यात १९७७. नंबरमधली मधली दोन अक्षरं थोडे जास्त पैसे भरून आपल्याला निवडता येतात, मी एमएच घेतली.

हा जर्मनीचाच प्रश्न आहे असं समजू नका. माझी मैत्रीण इंग्लंडला आहे, तिच्या नवऱ्याने तिथे भारतातून एक जुनी गाडी नेली. तिकडे आणखी सोपं आहे खरं तर, स्टिअरिंग आपल्यासारखंच, चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ आणि वर्षाची एमओटी तपासणी पण नाही, गाडी आल्यापासून चौदा दिवसांत तिकडच्या टॅक्स खात्याला कळवायचं एवढं लक्षात ठेवायचं. पण गाडीचं वय कागदाने सिद्ध करता आलं नाही तर क्यू ने सुरू होणारा नंबर देतात, म्हणजे कपाळावरच लिहिलं की हिचं वय माहीत नाही. मारुती किंवा टाटा असेल तर कंपनीला पत्र लिहून तारीख मागता येईल, प्रीमियरवाल्यांनी कुणाला मागायची? कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन वीस वर्षांवर झाली. आपल्या आरटीओचं रजिस्टर हाच त्या गाड्यांचा एकमेव जन्मदाखला उरलाय.

आणि बाहेर न्यायची नसेल तरी हे लागणारच आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या दुचाकी चारचाकींना व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळू शकतो. १९७७ च्या गाड्यांची पन्नाशी २०२७ ला भरेल. ज्यांच्या कार्डावर रिन्यूअलची तारीख छापलीय त्यांनी काय करायचं?

म्हणून परिवहन खात्याला तुमच्या पेपरमार्फत कळकळीने सांगायचंय. स्मार्ट कार्ड देताना जुनं आरसी बुक जमा करून घेऊ नका, त्यावर रद्दचा शिक्का मारा आणि मालकाला परत द्या, त्याचं तुम्हाला ओझं आणि आमचं ते सर्वस्व. एमएचच्या आधीचा नंबर असेल आणि रजिस्ट्रेशनची तारीख १९८९ नंतरची असेल तर ती एंट्री सरळसरळ चुकीची आहे, कॉम्प्युटरला एक क्लिकमध्ये अशा सगळ्या नोंदी काढता येतील, मालकाने येऊन सिद्ध करायची वाट कशाला बघता. आणि मूळ रजिस्टरच्या पानाची प्रत फी घेऊन खिडकीवरच मिळावी, शंभर रुपये घ्या, पाचशे घ्या, पण त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायची वेळ येऊ नये. सगळ्यात घाईचं म्हणजे ती रजिस्टरं स्कॅन करा. भाऊ सांगत होता की आमच्या पानाच्या शेजारची बरीच पानं वाळवीने खाल्लीत, त्यातल्या गाड्यांच्या मालकांना आता कोण काय देणार आहे मला माहीत नाही. कृष्णाकाठच्या गावांनी २००५ आणि २०१९ चे पूर बघितलेत, तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूमचं काय होतं हे मी वेगळं सांगायला नको.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी आज रात्रीच कार्ड काढून बघावं, तारीख, उत्पादनाचं वर्ष आणि चॅसिस नंबर पूर्ण आहे का. आणि जुनं बुक अजून घरात असेल तर त्याचं प्रत्येक पान, कोरं असलं तरी, मोबाईलवर फोटो काढून ठेवावं.

आपली एक नियमित वाचक,
हायलब्रोन, जर्मनी

ता. क. लायसन्सचं लिहायचं राहिलं. गाडी आणायच्या गडबडीत हे विसरू नका की भारतातलं लायसन्स जर्मनीत राहायला आल्यावर सहाच महिने चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. माझी प्रत्यक्ष परीक्षा गाडी हॅम्बर्गला उतरली त्याच आठवड्यात होती, पास झाले म्हणून प्लेट मिळाल्या दिवशी घरी स्वतः चालवत आणता आली.